आधी मशीन बंद कर

बाबा, तुमचा मोठा पाना काल मी पिशवीत घालून अचलपूरला नेला होता. माझ्या जावयाचं डोकं फोडायला. त्याने तुमच्या नातीचं उजवं मनगट मोडलं आहे. ती जन्मायच्या आधीच तुम्ही गेलात, तिला पाहिलं नाही. बोटं तुमच्यासारखीच लांब आहेत तिची. अमरावतीहून निघालेल्या एसटीत मला त्याच्याइतकाच तुमचाही राग येत होता. रोज जेवणाआधी माझ्या डोक्यावर हात ठेवून तुम्ही म्हणायचे, "प्रभू, याले शायनपन दे." तुम्ही मागायचे शहाणपण, पण अकोल्याच्या आपल्या गल्लीत शायना म्हणजे तर शिवी. "लय शायना झाला का बे," असं कोणी म्हटलं की पाठोपाठ कानफटात बसायची. लहानपणी मला वाटायचं, आपला बाप रोज देवाकडे आपल्यासाठी मारच मागतो.

मग तो कापसाच्या जिनिंगमधला दिवस. मी एकोणीस वर्षांचा, तुमचा डबा घेऊन आलो होतो. कामावरच्या एका बाईचा पदर मशीनच्या पट्ट्यात जातो, ती किंचाळते, आणि तुम्ही कोणाला न विचारता खटका पाडता. सगळं जिनिंग थांबतं. मुकादम धावत येतो, "लय शायना झाला का?" म्हणतो आणि लोखंडी सळई तुमच्या कानावर घालतो. रुईवर रक्त सांडलं. बाई वाचली होती, ते कोणी बोललंच नाही. मी तुमच्या अवजारांच्या पेटीतून हाच पाना उचलला. मुकादमापर्यंत पोचायच्या आत तुम्ही मला असं हाणलं की माझा समोरचा दात तुटला. "आधी मशीन बंद कर," तुम्ही म्हणालात, "मंग पाय, कोनाचं काय अडकलं ते." हात उगारू नको हे शिकवायला पोराचा दात पाडलात, बाबा. तो राग अजून गेलेला नाही. पण त्या संध्याकाळी कानाला पट्टी बांधून तुम्ही जेवायला बसलात, माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि पहिल्यांदाच म्हणालात, "प्रभू, मले शायनपन दे." मी डोळे उघडून पाहिलं. तुमचे मिटलेले होते.

काल जावई दारातच उभा होता. पोरीला न्यायला आलो, म्हणालो. तो हसला. "लय शायने झाले का, मामाजी?" त्यानंतर मला काही ऐकू आलं नाही. पाना खाली आला. दाराच्या चौकटीची ढलपी उडाली. आत मुलगी प्लास्टरचा हात छातीशी धरून भिंतीला चिकटली होती, आणि ती त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मला भीत होती. कोणाचं काय अडकलं आहे, ते तेव्हा दिसलं. पाना तिथेच टाकला, तिची बॅग उचलली आणि तिला घेऊन सरळ पोलीस ठाण्यात गेलो. तक्रार तिनेच दिली, डाव्या हाताने वेडीवाकडी सही करून.

आज रविवार. चर्चमध्ये भक्तीनंतर मंडळीतली माणसं माझा हात धरून म्हणाली, बापावर गेलास, ऐन वेळी हात आवरलास, प्रभूने शहाणपण दिलं. मी मान डोलावली. मुलगी शेजारीच उभी होती. तुमच्या पेटीत पान्याची जागा रिकामी आहे, तिथे हे पत्र ठेवतो. तुम्हाला खरं सांगतो. मी हात आवरला नव्हता. जावई बाजूला सरकला.