खलाशांच्या नावांची पाटी

सौंसर, बुधवार, संध्याकाळ

पोरीसोबत समुद्रातलं बेट पाहून येऊन तीन दिवस झाले, पण मन काही थाऱ्यावर नाही. तिथल्या जहाजांच्या छोट्या संग्रहालयात बुडालेल्या खलाशांच्या नावांची पाटी होती. माझ्या रुचाला जहाजावरच नोकरी करायची आहे. मी त्या पाटीसमोरच तिला "नाही" म्हणून टाकलं. तेव्हापासून पोरगी माझ्याशी बोलत नव्हती. मलाही वर्गात शिकवताना ती पाटीच दिसून राहिली. त्या पाटीवरच्या काहींचं वय रुचाएवढंच होतं.

आज चहा देताना तीच म्हणाली, "बाबा, भेव तर मलेही वाटते. पण जायचं आहे."

तिच्याकडून जहाजावरच्या नोकरीसाठीचा पालकांच्या संमतीचा फॉर्म मागितला आणि सही केली. बरोबर केलं का? जवळच्या बोरगावहून घरी यायला तिला दहा मिनिटं उशीर झाला तरी मी फाटकाशी जाऊन उभा राहतो. आता कुठं उभा राहू?