डॅडीचा स्कार्फ

बिश्केक, १२ मे

डॅडी,

स्कार्फ मिळाला होता, आता तुझं पत्रही मिळालं. आम्ही बऱ्या आहोत. आईच्या दवाखान्यात दातांची नवी खुर्ची आली, लोक मात्र पूर्वीइतकेच घाबरतात. यंदा जर्दाळूचा बहर गारपिटीने गेला. तू मजेत असशीलच.

स्काउटचा शपथविधी कसा झाला, असं तू विचारलंयस. झाला.

तू गेल्यापासून माझं इंग्रजी गंजतंय, म्हणून थॉर्नली सरांच्या ट्रुपमध्ये जा, हा तुझाच हट्ट. "परदेशात राहणाऱ्या मुलांना तेवढंच आपलं माणूस भेटतं," असं तू लिहिलंस. मी परदेशात राहत नाही, डॅडी. मी बिश्केकमध्येच जन्मले. परदेशात तू राहायचास, आणि कंटाळा आल्यावर निघून गेलास.

तरी गेले. तिथे इंग्रजी सोडून दुसरा शब्द काढला की सगळ्यांची भांडी घासावी लागतात. घासली. गाठी शिकले, तंबू ठोकले. ट्रुपमधल्या इमोजेनने माझ्या नावाचं "बेगी" करून टाकलं, तेही चालवून घेतलं. का, तर शपथेच्या दिवशी आईवडिलांपैकी कोणीतरी गळ्यात स्कार्फ घालतं, आणि तू लिहिलं होतंस, "माझा लहानपणीचा स्कार्फ घेऊन येतो. मीच घालीन."

मग नुसता स्कार्फच आला. सोबत चिठ्ठी, की व्हिसा मिळाला नाही.

अला-अर्चाच्या दरीत नदीकाठी सगळे गोल करून उभे होते. थॉर्नली सरांनी विचारलं, "वडील कुठे आहेत?" मी ताठ मानेने सांगितलं, "त्यांना व्हिसा मिळाला नाही."

इमोजेन फिसकन हसली. "अगं बेगी, ब्रिटिशांना इथे यायला व्हिसा लागतच नाही! माझी आजी मागच्या महिन्यात नुसता पासपोर्ट घेऊन आली की!"

सगळ्यांना ठाऊक होतं, मलाच तेवढं नव्हतं. मी तुझी बाजू घेऊन उभी होते आणि तू मला चारचौघांत तोंडघशी पाडलंस. खोटं बोलायचंच होतं तर निदान नीट तरी बोलायचंस!

सर ओशाळले. स्वतःच स्कार्फ घालायला पुढे झाले. तेवढ्यात मागून आई आली, तळलेल्या बोरसोक-पुऱ्यांचं गाठोडं काखेत तसंच. "सरका बाजूला. तिची आई मेली नाही अजून," ती किर्गिझमध्ये म्हणाली.

"इंग्रजीत, प्लीज," सर सवयीने बोलून गेले.

"सांग याला, माझ्या खुर्चीत तोंड उघडून बसशील तेव्हा बघते तुझं इंग्रजी."

मी सांगितलं नाही. स्कार्फ चामड्याच्या कडीत ओवायचा असतो, हे आईला कुठलं माहीत? घोडा बांधताना मारतात तशी करकचून गाठ मारली तिने.

मग सरांनी तिच्यापुढे डावा हात केला. त्यांची रीतच ती. आई लालबुंद झाली. "डावा हात? मी याचं काय घोडं मारलंय?"

"आई, यांच्यात तो मानाचा हात. हृदयाच्या बाजूचा."

"हृदयाच्या बाजूचा म्हणे! तुझ्या बापालाही होता की तो." पण तिने सरांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मग सगळ्यांना तिने बोरसोक वाटले. इमोजेनने दोनदा मागून घेतले.

तुझ्या लीड्सच्या घरात आता कोण आहे, हे मी विचारत नाही. माझा राग त्याचा नाही. शपथ म्हणताना माझं लक्ष नदीवरच्या पुलाकडे होतं. तुझं खोटं उघडं पडल्यावरसुद्धा मला वाटत होतं, की आम्हाला चकित करायला म्हणून तू खोटं बोललास आणि आता पुलावरून येशील. इतकी मूर्ख मी तुझ्यामुळे झाले. त्याचा राग आहे.

ट्रुप मी सोडणार नाही. तुझ्यासाठी गेले होते, आता माझ्यासाठी जाते. तिथे सगळ्यांना "बेगिमाय" म्हणायला लावलंय. इमोजेनलाही जमतं.

सरांनी मला ट्रुपचा नवा स्कार्फ दिला. तुझा परत पाठवतेय. गाठ न सोडता, तसाच डोक्यातून काढलाय. सुटते का बघ. नाही सुटली, तर आईला विचारायला ये. व्हिसा लागत नाही.

डॉ. नुरजातची मुलगी,
बेगिमाय