खिंडीतले दगड

कळसाडी, शनिवार, २० डिसेंबर १९५८

आलो बुवा एकदाचा! शहाद्याच्या हायस्कुलात भूगोल शिकवायला लागून सहा महिने झाले, पण मगनच्या घरचं जेवण आज नशिबी आलं. मगन पाटील म्हणजे आमचा ड्रिल मास्तर. अंगानं आडवा आणि मनानं साखर. दिवाळीत तोरणमाळच्या कड्यावर माझा पाय सुटला, तेव्हा यानं माझं डावं मनगट धरलं. मी "सोडू नको, मगन, सोडू नको" म्हणून बोंबलत होतो आणि त्यानं मला वर ओढून घेईपर्यंत सोडलं नाही. त्याच्या बोटांचे वळ कितीतरी दिवस होते. तेव्हापासून मी डोंगरात दुसऱ्या कोणाबरोबर जात नाही.

नाताळच्या सुट्टीत अक्राणीतला एक बोडका डोंगर चढायचा बेत आहे. वाट नाही, नुसतं रान. या दिवसांत सातपुड्यात गवत पुरुषभर उंच असतं, म्हणून आमची पद्धत ठरलेली आहे. पुढच्यानं कोयत्यानं रान तोडायचं, मागच्यानं कुऱ्हाड घेऊन अंतर राखून यायचं. एकमेकांना दिसेनासे झालो की एकानं एक शीळ घालायची, दुसऱ्यानं उत्तराला दोन. आणि माथ्यावर पोचलं की कमरेइतका दगडांचा बुरूज रचायचा. बुरूज नाही तर शिखर झालंच नाही, हा माझा सातारी हट्ट.

वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या इतक्या हाणल्या की उद्या मगनला मला पाठीवर घेऊनच चढावं लागणार. त्याची आई, तापीबाई, वाढता वाढता म्हणाल्या, "मास्तर, मन्हा एकच पोऱ्या शे. जसा लई जाई ऱ्हायनात, तसाच परत लई या." मी पाया पडून शब्द दिला, जसा नेतो तसाच परत आणीन. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत मगनला घोडी घ्यायची आहे, तोवर परत यायचंच आहे.

डोंगराखालचा पाडा, रविवार, २१ डिसेंबर

लाकडाच्या ट्रकनं धडगावपर्यंत, पुढं पायी. हाडं खिळखिळी झाली, पण थंडी अशी छान की दात वाजतात आणि तरी गावंसं वाटतं. पाड्यावर रमीबाई नावाच्या पावरा म्हातारीनं शेकोटीपाशी जागा दिली. तिचा तांबडा कुत्रा माझ्या बुटावर डोकं टेकून झोपला आहे. पहिल्या भेटीत इतका विश्वास वर्गातली पोरंही टाकत नाहीत.

रमीबाईची पावरी बोली मला ओ की ठो कळत नाही. मगनला बाजारहाटामुळं अर्धीमुर्धी येते. त्यानं सांगितलं ते असं. माथ्याखालच्या खिंडीत दगडांचा ढीग आहे. बापजाद्यांच्या काळी मध काढायला गेलेल्या दोघा जोडीदारांपैकी एकानं दुसऱ्याला तिथं कुऱ्हाडीनं मारलं. मेलेला उठू नये म्हणून तिथून जाणाऱ्या प्रत्येकानं खालच्या नदीतला एक दगड वर न्यायचा आणि त्याच्यावर ठेवायचा. उठला तर तो स्वतः कोणाला हात लावत नाही, म्हणे. तो जोडी फोडतो. एकाच्या हातानं दुसऱ्याला मारतो.

मी म्हटलं, आमच्याकडे हे काम हेडमास्तर करतात. मगन पोट धरून हसला, पण नंतर नदीवर जाऊन त्यानं दोन गोल दगड पिशवीत घातले. एक त्याचा, एक माझ्या नावाचा.

खिंड, सोमवार, २२ डिसेंबर

सकाळी गवतावर दंव गोठलं होतं. दिवसभर रान तोडलं. करवंदीच्या जाळ्यांनी सदरा फाडला, कुसळांनी पायांची चाळण केली. आळीपाळीनं पुढं झालो. माझी एक शीळ, मगनच्या दोन. मगनची एक, माझ्या दोन. रमीबाईचा कुत्रा आमच्यामागं आला तो दोघांच्या मधल्या मध्ये पळत राहिला. याहून मोठं सुख नाही आणि घरसंसारी माणसांना ते समजावताही येत नाही.

खिंडीतला ढीग कमरेइतका निघाला. मगननं दोन्ही दगड त्यावर ठेवून हात जोडले. तिथून माथा अगदी जवळ. उन्हं कलायच्या आत टेकलो. आणि माथा पाहतो तर टक्कल! सगळा एकसंध कातळ, उचलायला एक दगड नाही. आता बुरूज कशाचा रचायचा?

मी खालच्या ढिगाकडे बोट दाखवलं. मगन नको म्हणाला. मी चिडवलं, की ड्रिल मास्तरच भुताला घाबरला तर पोरांनी कोणाच्या तोंडाकडे बघायचं? तरी हलेना. शेवटी मी म्हटलं, राहू दे, माझं शिखर राहिलं. तेव्हा तो उठला. माझ्यासाठीच उठला. दिवस मावळेपर्यंत दोघांनी दगड वाहिले आणि फक्कड बुरूज रचला. खाली ढिगाचा तळ उघडा पडला आहे. सगळं रान कोरडंठाक, पण तेवढी माती ओली आहे.

उतरायला उशीर झाला. मुक्काम खिंडीतच.

मंगळवार, २३ डिसेंबर, सकाळ

कुत्रा मेला. गळ्यापासून पोटापर्यंत उभा चिरलेला. आतडी गवतावर पसरली होती आणि त्यांतून अजून वाफ निघत होती. मी म्हटलं, बिबट्या. मगननं माझ्या उशाकडे बोट केलं. माझ्या कोयत्याला रक्त आणि तांबडे केस चिकटले होते.

मी झोपलो होतो. कोयता त्यानंच घेतला असणार. मी तसं तोंडावर विचारलं. तो माझ्याकडे बघत दोन पावलं मागं सरला. त्याची नजर मला आवडली नाही, हे आज पहिल्यांदा झालं.

त्याच दिवशी, दुपारनंतर

काल पाडलेली वाट नाही. गवत उभंच्या उभं, एक काडी तुटलेली नाही. नवी वाट पाडत उतरू लागलो. मी पुढं, मगन मागं. मी शीळ घातली, उत्तर आलं नाही. पावलं मात्र जवळ येत होती. फार जवळ. मी वळलो आणि कुऱ्हाड कानावरून खाली आली. अर्धा कान गेला. रक्तानं खांदा भिजला.

मगननं कुऱ्हाड टाकली. लहान पोरासारखा रडला. पंचा फाडून माझा कान बांधला. "मास्तर, मी नही. कोन्ही तरी मन्हा हात धरेल व्हता," हेच पुन्हा पुन्हा. दगड जागेवर नेऊन ठेवू म्हणाला. मी म्हटलं, आधी खाली. जाळ्या तोडत उतरलो, नुसते उतरतच राहिलो. गवतातून बाहेर पडलो तर समोर खिंड. ओली माती. कुत्रा.

मला त्याची भीती वाटते. मगनची. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटते.

बुधवार, २४ डिसेंबर, सकाळ

दोघंही रात्रभर एकमेकांकडे तोंड करून बसून राहिलो. डोळा कोणी मिटला नाही.

मगन म्हणतो, हत्यारं टाकू म्हणजे भीती संपेल. मग तो बुरूज उतरवून दगड खाली आणेल, मी इथं रचायचे आणि उतरायचं. त्यानं माझ्यासमोर कुऱ्हाड दरीत भिरकावली. मी जरा पलीकडे गेलो आणि एक वाळका ओंडका ढकलून दिला. आवाज त्यानं ऐकला. कोयता माझ्या सदऱ्याखाली, पाठीला आहे. गार लागतो.

मगन म्हणाला, आता बरं वाटतं. आईनं बांधून दिलेला शेवटचा लाडू त्यानं मोडला, मोठा तुकडा मला दिला आणि वर गेला.

मला त्याला मारायचं नाही. त्यानं मारलं तरच—

दुपार

वरून शीळ. एक. मी दोन घातल्या.

पुन्हा शीळ. या वेळी मागून, गवतातून. हुबेहूब मगनची.

पावलं. वरून की मागून— गवत फाकलं आणि मगन आला. दोन्ही हात डोक्यावर. हातात काळं, जड काहीतरी उगारलेलं. डोळे माझ्यावर. तो ओरडला, मास्तर—

मी आधी मारलं. मानेत. मग तोंडावर. त्यानं हात आडवा घातला, दोन बोटं उडाली. तो खाली पडला तरी मी मारत होतो. हाड लागत होतं, कोयता अडकत होता, ओढून काढत होतो. हात माझाच होता. पण थांब म्हणणारा मी कुठं—

दगड होता. त्याच्या डोक्यावर दगड होता. डोक्यावरून वाहून आणत होता. पिशवीतही दगडच. उतरवून घ्या म्हणत असेल. मास्तर, धरा म्हणत असेल—

गुरुवार, २५. दत्तजयंती

यात्रा भरली असेल. घोड्यांचा बाजार. तापीबाई दारात—

मगनला ओल्या मातीवर ठेवलं. दुसरी जागा नाही. वरून दगड आणतो, त्याच्यावर ठेवतो. पुढची खेप आणेपर्यंत आधीचे बाजूला पडलेले. पुन्हा ठेवतो. पुन्हा—

बुरूज संपला. शेवटी हातात आला तो नदीतला गोल दगड. माझ्या नावाचा. तोंडावर ठेवला. तोंड कुठं आहे ते शोधावं लागलं.

शब्द दिला होता. जसा नेला तसाच—

नंतर

शीळ. दगडांखालून. एक.

ओठ दाबून धरले. उत्तर द्यायचं नाही. द्यायचं ना—

गेलं. माझ्याच तोंडून. दोन.

दगड सरकताहेत. एकेक. घाई नाही त्याला.

पळता येईल. पण कळसाडीला एकटा कोणत्या तोंडानं—

डावं मनगट. धरलं. तोरणमाळचीच पकड. दोन बोटं कमी.

ओढतो आहे. वर नाही. मगन, तेव्हा मीच म्हटलं होतं सोडू नको. आता सोड. मगन, सोड—