लेबल निघेना तेव्हा

सांगली, मंगळवार, संध्याकाळ

आज मी एका माणसाला मारलं. मी काम करतो त्या रक्तपेढीच्या कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर मागं चालणाऱ्या सर्व्हिसला, म्हणजे लेबल छापणाऱ्या प्रोग्रॅमला, जोडलंच जाईना, म्हणून रक्ताच्या पिशवीचं लेबल निघेना, आणि लेबलाशिवाय पिशवी देता येत नाही. ती पिशवी जिच्यासाठी हवी होती त्या बाळंतिणीचा भाऊ काउंटर ओलांडून आत आला आणि त्यानं माझा गळा आवळला.

"भन मरायला लागलीया, आन् तू बटणं दाबत बसलायस व्हय रं?"

मी कीबोर्ड उचलून त्याच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला. मग ती सर्व्हिस बंद करून पुन्हा चालू केली, आणि लेबल निघालं. एवढंच करायचं होतं. आधी का नाही सुचलं? पिशवी घेऊन तो पळाला, तेव्हाही ओठातून रक्त गळत होतं.

आत्ता त्याचा फोन येऊन गेला.

"वाचली भन. गळा लय दुखतुय का तुमचा?"

मी त्याच्या ओठाचं विचारलं.