पिपाणीसाठी एक बोर्ड

६ तारीख, सोमवार

सर्किटचे बोर्ड आले. पाचच्या पाच. आणि पाचही बाद!

दिसायला काय सुरेख! हिरवे, चकचकीत, कोपरे गोल केलेले, अक्षरं मुंगीएवढी पण स्वच्छ. दोन मिनिटं नुसती हातात घेऊन बसले. मग आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, ठेवून बघितली तर बसेना. आयसीला आठ पाय, बोर्डावर आठ जागा, पण त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या आयसीसाठी. एकाच नंबरची आयसी दोन मापांत येते म्हणे. मी कॉम्प्युटरवर चित्र मोठं करकरून बघितलं, त्यात माप कुठलं कळतंय? दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या बनवते, एखादी दाढ केसभर उंच झाली तर परत घासते, आणि स्वतःच्या कामात पट्टी लावून बघितलं नाही. हात दाखवून अवलक्षण.

तीन आठवडे गेले. परत मागवले तर पुढच्या महिन्यात येतील. आणि दादा बाबांना त्याच्या घरी न्यायला येणार २५ला.

७ तारीख

चिडचिड ओसरली. आता नीट लिहिते.

बाबांचा डावा कान लहानपणीच तापात गेला. उजवा गेली काही वर्षं दमलाय. कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये पडून — 'त्यातून फक्त भांडी ऐकू येतात' म्हणतात, ते खोटंही नाही. हेडफोन मात्र आवडतो. शिस्त अशी की डाव्यावर डावा, उजव्यावर उजवा, खूण बघून घालायचा, जरी डाव्यात काही ऐकू येत नसलं तरी. आणि ऐकायचं एकच. ती जुनी कॅसेट, जी मी दुकानातून छोट्या प्लेअरवर घालून आणली.

त्यात बाबा माउथ ऑर्गन वाजवतात. अर्धा तास. शेजारचा टेपरेकॉर्डर मागून आणलेला, दोन टोकांना दोन माईक असलेला. बटण मी दाबलं होतं, नऊ वर्षांची असेन. बाबा वाजवताहेत, आई शिवणाच्या मशीनवर. आणि अगदी शेवटी आई उठून येते नि म्हणते, "पुरे करा आता ती पिपाणी." खट्. टेप बंद.

आई जाऊन दोन वर्षं झाली. तिचा आवाज जगात तेवढाच उरलाय — पाच शब्द! त्या पाच शब्दांसाठी बाबा अर्धा तास स्वतःचं वाजवणं ऐकून घेतात. वाजवणं त्यांनी आई गेली त्याच वर्षी सोडलं. विचारलं तर एवढंच, 'तिला आवडायचं नाही.'

आता प्लेअरचा आवाज त्यांना पुरत नाही. परवा हेडफोन काढून म्हणाले की शेवटचं काही आलंच नाही. मी प्लेअरवर बघत होते, शेवटपर्यंत वाजलं होतं. तेव्हाच ठरवलं. बाबा दादाकडे जातील तेव्हा खिशात आई बरोबर पाहिजे. प्लेअर आणि हेडफोन यांच्यामध्ये जोडायचा छोटा ॲम्प्लिफायर, बॅटरीवर चालणारा, एकच गोल बटण. तयार मिळतात, दोन आणले होते. एकाला चार बटणं, एकाला रोज चार्जिंग. बाबांनी दोन्ही शांतपणे ड्रॉवरमध्ये ठेवले. म्हणून मीच बनवतेय. टेबलावर वायरी पसरून जोडला तर छान चालतो. पण वायरींचं घरटं खिशात कसं जाणार? घोडं अडलंय ते बोर्डापाशी.

९ तारीख

सुट्ट्या पार्टच्या दुकानदाराने माझा चेहरा बघून पत्ता दिला. 'एखादाच बोर्ड ना? ॲसिडमामांकडे जा. ते हाताने करतात.'

सायकल दुकानाच्या वर, लाकडी जिना, एक खोली. खिडकीशी तीन प्लॅस्टिकचे ट्रे, त्यात काळपट पाणी. मामा सत्तरीचे असतील. बोटं तपकिरी, नखांसकट. म्हणाले, धुऊन जात नाहीत, लग्नातही अशीच होती. कोपऱ्यात मामी, पायाखाली स्विच, हातात बारीक ड्रिल. टेबलाकडे बघते की माझ्याकडे तेच कळेना, पण भोकं एका रेषेत!

एक तास तिथेच उभी राहिले. इतकं सुंदर काम मी आमच्या लॅबबाहेर बघितलं नव्हतं. चकचकीत कागदावर छापलेलं चित्र मामा तांब्याच्या पत्र्यावर उपडं ठेवतात आणि इस्त्री फिरवतात. मग पाण्यात कागद विरघळतो, काळ्या रेघा तांब्यावर राहतात. मग ट्रे. एका हाताने ट्रे हलवत राहायचा, झोका दिल्यासारखा. रेघांखालचं तांबं वाचतं, बाकीचं पाण्यात जातं. मी विचारलं, गरम पाणी घातलं तर लवकर होईल ना? मामा म्हणाले, होईल, आणि रेघांच्या कडाही खाऊन टाकेल. मान खाली घातली. आमच्याकडेही नवीन मुली मेण भराभर तापवतात, त्यांना मी हेच ऐकवते.

प्रत्येक बोर्ड खिडकीकडे धरून आरपार बघतात. मामीला ड्रिलच्या नुसत्या आवाजावरून कळतं की टोक बोथट झालं. न बघता बदलते.

१० तारीख

काल झोपायच्या आधी इलेक्ट्रॉनिक्सचं पुस्तक काढून बघितलं. कागद उपडा ठेवला की चित्र उलटतं, म्हणून छापतानाच ते आरशातल्यासारखं उलटं छापायचं. बरं झालं वाचलं! आज उलटून छापलं आणि नेऊन दिलं. मामांना तेवढाच त्रास कमी.

मामांनी चित्र दोन मिनिटं निरखलं. म्हणाले, बॅटरीची वायर इथून ओढली जाईल, टाका तुटेल. शेजारी दोन भोकं जास्तीची पाडू, वायर त्यातून ओवून घ्या. कुठल्या वेबसाइटने मला हे सांगितलं असतं? कशासाठी करताय, हेही विचारलं. सांगितलं. मामीने ड्रिल थांबवलं.

'गुरुवारी या.'

१६ तारीख, गुरुवार

मामांच्या गल्लीत दोन दिवस वीज नाही. इस्त्री नाही तर बोर्ड नाही.

१८ तारीख

दादाचा फोन. बाबांची खोली तयार आहे, खिडकी पूर्वेची आहे, गादी नवी आहे. बिचारा मनापासून करतोय. मी दिवसभर लॅबमध्ये, बाबा इथे भिंतीकडे बघत, हे त्याला बघवत नाही. मला तरी कुठे बघवतं? बाबांना विचारलं, जायचंय ना? म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं. पूर्वी बाजारातून कोणता साबण आणायचा यावरही वाद घालायचे.

२० तारीख

वीज आली. मामी म्हणाली ड्रिलचा पट्टा तुटलाय. आधीच माझा जीव टांगणीला! लॅबमधला पट्टा नेऊन दिला. तो बसला!! मामी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून हसली.

२३ तारीख, गुरुवार

बोर्ड मिळाला. काय काम! तांब्यावर कथिलाचा पातळ हात फिरवलेला, कडा घासून मऊ केलेल्या — 'खिशात राहणार ना, अस्तर फाटायला नको.' रस्ताभर पर्समध्ये हात घालून चाचपत आले.

घरी येऊन आयसी लावायला घेतली, तर काय! सगळं उलटं. पहिल्या पायाच्या जागी आठवा.

तशीच परत गेले. मामांनी चष्मा लावला, बोर्ड बघितला, माझा कागद बघितला, आणि खुर्चीत बसले. गिऱ्हाईक चित्र सरळच आणतं, हे धरून मामा प्रत्येक चित्र स्वतः उलटून छापून घेतात. मी आधीच उलटलेलं. त्यांनी ते परत उलटलं. म्हणजे झालं सरळ, इस्त्रीखाली गेलं उलटं!

मामा म्हणाले, "चाळीस वर्षांत स्वतः उलटून आणणारं गिऱ्हाईक तुम्ही पहिलंच."

मी चूक माझी म्हणते, ते त्यांची म्हणतात. मी सांगायला हवं होतं, त्यांनी विचारायला हवं होतं. मामी म्हणाली, अति शहाणा त्याचा बैल रिकामा, इथे तर दोन-दोन शहाणे. मामा नवा करून देतो म्हणाले, सोमवारी. पण दादा शनिवारी येणार! त्यांचा चेहरा इतका पडला की मलाच वाईट वाटलं.

मग मामीच म्हणाली, "बोर्ड उलटा तर आयसीही उलट्या बाजूने बसव. तांब्याच्या अंगाला."

मामा तिच्याकडे बघतच राहिले. मीसुद्धा. चाळीस वर्षं भोकं पाडणारी बाई, सर्किट तिला आमच्यापेक्षा जास्त कळतं.

२४ तारीख, शुक्रवार

सुट्टी घेतली. पदरी पडलं पवित्र झालं म्हणत सकाळपासून बसले. आयसी तांब्याच्या बाजूने लावली, बाकीचं सगळंही. फक्त हेडफोनचं सॉकेट सुलट्या बाजूलाच ठेवावं लागलं, कारण बोर्ड ज्या प्लॅस्टिकच्या डबीत बसवायचा तिचं भोक तिकडे. म्हणजे डाव्याचं उजव्यात जाणार आणि उजव्याचं डाव्यात. जाऊ दे. एक पिपाणी ऐकायची, तिला कुठलं आलंय डावं-उजवं!

चारला पूर्ण. आवाज खणखणीत, खरखर अजिबात नाही. बाबांच्या हातात दिला. त्यांनी खूण बघून हेडफोन घातला, डाव्यावर डावा, उजव्यावर उजवा. बटण फिरवलं.

दोन मिनिटांनी म्हणाले, "पिपाणी लांब गेली."

मला रडूच आलं. महिनाभर आटापिटा केला आणि आवाज कमीच? काढा म्हटलं, बघते. काढेनात. हाताने नुसतं थांब केलं. अर्धा तास पुतळ्यासारखे. संपल्यावर म्हणाले, परत लाव. मग परत. तीनदा. आईचं वाक्य आलं का विचारलं तर मान हलवली, हो की नाही तेही कळलं नाही. जेवले नाहीत.

नाहीच जमलं. बॅग भरून ठेवली आहे.

२५ तारीख, शनिवार

सकाळी बाबा माझ्या दारात. हेडफोन माझ्या कानांवर घातला, खूण बघून. उजव्या कानाकडे बोट दाखवलं.

उजवीकडे शिवणाचं मशीन. पिपाणी लांब, आणि जवळ, अगदी जवळ — आई. गुणगुणतेय. बाबांबरोबर, तीच चाल, अर्धा सूर खाली. एका जागी बाबा चुकतात, तर मशीन थांबतं, आई ती ओळ हळूच पुरी करते, बाबा सापडल्यावर मशीन परत चालू होतं. पूर्ण अर्धा तास! मग खुर्ची सरकते, "पुरे करा आता ती पिपाणी", आणि खट् होण्याआधी तीच ओळ पुन्हा, तिच्याच नादात.

मी बाबांकडे बघितलं.

"मशीन माझ्या डाव्या हाताला असायचं," ते म्हणाले. "रोज." म्हणजे डाव्या माईकचं सगळं आजवर त्यांच्या बंद कानात जात होतं, सॉकेट उलटं बसलं म्हणून उजव्यात आलं.

मग स्टुलावर चढून कपाटावरचा पत्र्याचा डबा स्वतः काढला, माउथ ऑर्गनचा. मला चढू दिलं नाही.

दादा आलाय. खाली हॉर्नवर हॉर्न देतोय. बाबांना कुठला ऐकू येतोय, ते वाजवताहेत.