बशीतले सात स्क्रू

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी अट पाळून हे पत्र हातानं लिहितोय. टाइप केलेलं पत्र तुला विजेच्या बिलासारखं वाटतं म्हणे. माझं अक्षर बघितल्यावर बिल बरं वाटेल.

आम्ही दोघं ठीक. दुकानात काम आहे. काल एका शिंप्याचं मशीन आलं, दर चौथा टाका सोडत होतं. तीन तास खपलो, तेव्हा सुई उलटी बसवलेली सापडली. मंगळवारचा लेख त्यावरच लिहिला. 'टाका आणि ताण'चा हा पाचशे एकाहत्तरावा. शिलाई मशीन दुरुस्तीवर अकरा वर्षं लिहितोय, एक मंगळवार चुकलेला नाही. वाचक रोजचे बेचाळीस. थोडे आहेत, पण शिस्तीचे. सकाळी साडेनऊच्या ठोक्याला येतात आणि रविवारी चारच येतात. कारागीर माणसं असणार, मशीनला तेल घालण्याआधी माझं पान उघडत असणार.

आता तुझ्या लेकीविषयी. मिठूचा ब्लॉग आठ महिन्यांचा, नाव 'जमलं नाही'. नावातच सगळा अभ्यास आला. तिनं माझा लेख समोर ठेवून तुझं मशीन उघडलं, पुसलं, परत जोडलं आणि सात स्क्रू उरले. माझ्याकडून असं झालं असतं तर मी आठवडाभर दुकान उघडलं नसतं. तिनं ते बशीत मांडून फोटो काढला आणि खाली लिहिलं की मामाच्या सूचना अगदी चोख आहेत, फक्त भाचीला वाचता येत नाही. एक लाख सहा हजार लोकांनी वाचलं. ७ एप्रिलला ब्लॉग लिहिणाऱ्यांच्या मेळाव्यात त्या बशीला बक्षीस आहे. मलाही आमंत्रण आहे. लेखक म्हणून नाही, 'तो मामा' म्हणून.

मला हेवा वाटत नाही. हे मी हिलाही सांगितलं. हिचं म्हणणं, सकाळपासून चौथ्यांदा सांगतोय.

लोभ आहे तेवढाच राहू दे. वाढीचे आकडे बघून बघून मी दमलोय.

तुझा,
छोट्या (वय एक्कावन्न)


दि. १२ फेब्रुवारी

चि. छोट्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर लागलं, मजकूरही लागला, आणि मजकुराच्या मागे काय होतं तेही लागलं. शाळेत असताना माझी पेन्सिल तुझ्या पेन्सिलीपेक्षा अर्ध्या बोटानं मोठी आहे हे पट्टी लावून सिद्ध करून रडणारा तूच ना? ती पट्टी अजून खिशात घेऊन फिरतोस.

मशीन माझं होतं हे कुणी विचारातच घेत नाही. ते चालतं, पण बैलगाडीसारखं खडखडतं. स्क्रू डबीत ठेवलेत. मिठू म्हणाली टाकू नकोस, ते प्रसिद्ध आहेत.

या महिनाअखेरीस मी निवृत्त होते. संस्थेच्या संगणक कक्षात बावीस वर्षं झाली. सकाळी साडेनऊला कुलूप काढायचं, ओळीनं अडतीस संगणक सुरू करायचे, प्रत्येकावर इंटरनेट उघडून बघायचं, मग मुलांना आत सोडायचं. हात आता झोपेतही तेच करतात. माझ्या जागी येणाऱ्या बाई फार टापटिपीच्या आहेत. सगळं नव्यानं लावणार म्हणतात. लावोत. एका बारीकशा गोष्टीची मला काळजी आहे, पण ती तुला सांगण्याजोगी नाही.

एक ऐक. रोजचा आकडा बघू नकोस. महिन्यातून एकदा बघ, किंवा बघूच नकोस.

मेळाव्याला येणार ना? तू नसलास तर पोरगी हिरमुसेल.

जीव लावतेच आहे, वेगळं काय लिहू.

तुझी,
ताई


दि. ११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निवृत्तीच्या शुभेच्छा उशिरा देतोय, राग मानू नकोस. इथे माझी मती गुंग झालीय.

१ मार्चला रविवार होता, चार वाचक आले. ठीक. सोमवारी चार. मंगळवारी नवा लेख टाकला तरी चार. वाटलं, मोजणारं यंत्र बिघडलं. बंद करून सुरू केलं, हिच्या फोनवर बघितलं, शेजारच्या टायरवाल्याच्या फोनवर बघितलं. टायरवाल्यानं माझं पान उघडलं तेव्हा पाच झाले. दुसऱ्या दिवशी परत चार.

अडतीस माणसं एका दिवसात उठून गेली. भांडण नाही, निरोप नाही. मी चुकीचं काय लिहिलं म्हणून मागचे दहा लेख पुन्हा वाचले. मग उजेड पडला. २८ तारखेला मिठूनं बक्षिसाची बातमी टाकली आणि खाली माझ्या ब्लॉगचं नाव दिलं. माझे लोक तिचं पान बघायला गेले आणि तिथेच बसले. अकरा वर्षं ज्यांना बॉबिनच्या धाग्याचा ताण शिकवला ते बशी बघायला गेले. तिला दोष देत नाही. देतोय, खरं तर.

मी मेळाव्याला येत नाही. ब्लॉगही आवरता घेतोय. सहाशेपर्यंत ओढायचा विचार होता, पण चार लोकांसाठी एवढं टंकायचं कशाला. तिला कळवू नकोस. कळवलंस तरी चालेल.

लोभाची गळती अजून तुझ्यापर्यंत पोचली नसावी अशी आशा करतो.

तुझा,
छोट्या


दि. १७ मार्च

चि. छोट्यास,
अ. उ. आ.

बसून वाच. बायकोलाही जवळ बसव.

ते अडतीस लोक मिठूकडे गेले नाहीत. ते लोक नव्हतेच. ते माझ्या खोलीतले संगणक होते.

तुझ्या ब्लॉगच्या दुसऱ्या वर्षी तू फोन केलास, की तीन वाचक आहेत आणि मी बंद करतोय. तुझा आवाज मला ऐकवेना. इंटरनेट उघडलं की पहिलं पान कुठलं यावं हे ठरवून ठेवता येतं. मी अडतीसच्या अडतीस ठिकाणी तुझं पान लावलं. वाटलं, खरे वाचक आले की काढून टाकू. दुसऱ्या आठवड्यात तू एक्केचाळीस झाले म्हणून असा काही खुललास की काढायला हात होईना. मग सवय झाली. तुलाही आणि मलाही. मुलं यायची, तुझं बॉबिनचं पान बंद करायची आणि आपल्या कामाला लागायची. नव्या बाईंनी पहिल्याच दिवशी संस्थेचं पान लावलं. त्यांचं चुकलं नाही.

मिठूला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला कालच सांगितलं. ती आधी हसली, आणि मग मला म्हणाली की आई, हे तू माझ्यासाठी का नाही केलंस. काय उत्तर देऊ? पोरीच्या अंगणात गर्दी मावत नाही, भावाच्या अंगणात कुणीच नव्हतं, म्हणून मी तिथे खुर्च्या मांडल्या. उपकार केला की फसवणूक, माझं मलाच ठरवता येत नाही. तू ठरव आणि कळव.

रागावलास तरी उत्तर दे. लोभ मागायला आज मला तोंड नाही.

तुझी,
ताई


दि. २९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दहा दिवस रागावलो होतो. नवव्या दिवशी राग नेमका कशाचा हे आठवेना. तू खोटे वाचक दिलेस याचा, की ते काढून घेतलेस याचा? एक मंगळवार चुकला. अकरा वर्षांतला पहिला. कुणी विचारलंसुद्धा नाही. हिनं विचारलं, पण तिला फक्त मी मंगळवारी जेवायला वेळेवर कसा आलो याचं नवल होतं.

मग उरलेल्या चारांचा हिशेब मांडला. एक मी, मोजायला म्हणून उघडतो तो. एक तू घरून. एक मिठू, ती रोज येते हे हिनं फोन करून विचारलं तेव्हा कळलं, मला आजवर माहीतच नव्हतं. उरला एक. तो कुणाचाच नाही. टायरवाल्याला विचारलं, तो शपथेवर नाही म्हणाला.

यंत्र कुठलं पान उघडलं तेही दाखवतं. हा जो कोणी आहे, तो पहिल्या लेखापासून ओळीनं वाचतोय. रोज दोन. रविवारीसुद्धा. आज ९७ आणि ९८ झाले. आधीपासून येत असणार, पण तुझ्या अडतिसांच्या गर्दीत मला दिसला नव्हता.

ताई, मला घाम फुटला. नऊ-दहा वर्षांपूर्वीचे ते लेख मी परत कधी उघडलेच नव्हते. मी त्याच्या पुढे धावत एकेक तपासायला बसलो. १०३मध्ये तेलाचं भोक सांगायचं राहिलंय. १०९मधली सुई मोठी. आणि ११८. मिठूनं समोर ठेवलेला लेख तो हाच. मशीन उघडून साफ करणे. त्यात खालच्या झाकणीचे स्क्रू काढा असं लिहिलंय, झाकणी ठेवल्यावर ते परत आवळा असं कुठेही लिहिलेलं नाही. झाकणीला सात स्क्रू असतात.

पोरीनं सूचना शब्दशः पाळल्या. एक लाख सहा हजार माणसं हसली ती माझ्या चुकीला. बक्षीस मिळतंय तेही माझ्याच चुकीला. यावर मी शरमेनं मान खाली घालावी की बक्षिसात वाटा मागावा, काही सुचत नाही. दोन्ही एकदम वाटतंय.

तिला न सांगावं असं पूर्ण एक दिवस वाटत होतं. ती मंचावर उभी राहणार, मामा चोख आणि मी वेंधळी म्हणणार, आणि माझी अब्रू तिच्या तोंडून राखली जाणार. शेवटी पत्र लिहिलं. ते हिनं पेटीत टाकलं, माझ्या हातून पडलं नसतं.

तू विचारलंस त्याचं उत्तर अजून तयार नाही. लोभ मात्र तोंड असो नसो, तुझाच आहे.

तुझा,
छोट्या


दि. ३ एप्रिल

ती. मामास,
शि. सा. न.

तुझं पत्र तीनदा वाचलं. म्हणजे मला जमलं होतं. माझ्या आख्ख्या ब्लॉगचा पायाच उखडलास तू, कळतंय का?

आता माझंही ऐक, आईला सांगू नकोस. एक मुलगी आहे, तिनं कपाट जोडताना स्वतःला आत बंद करून घेतलं. तीन लाख. मी रोज सकाळी दात घासायच्या आधी तिचा आकडा बघते. सात स्क्रूंनंतर माझं तसं काहीच बिघडलेलं नाही, म्हणून परवा मुद्दाम इस्त्री जास्त तापवून शर्टावर ठेवली. शर्ट जळला नाही. उलट फार छान इस्त्री झाली. रडू आलं.

आणि तू माझा हेवा करतोस म्हणे. अकरा वर्षांत तुला नऊ प्रतिक्रिया आल्यात, मी मोजल्यात. नऊच्या नऊ प्रश्न आहेत, आणि समोरच्याचं मशीन चालू होईपर्यंत तू उत्तरं दिलीयस. एका बाईंना सहा महिने. मला चार हजार प्रतिक्रिया आहेत. साडेतीन हजार हसरे चेहरे, बाकीच्यांत बशी कुठून घेतली असं विचारलंय. मला कामाचं असं अजून कुणी काही विचारलेलं नाही.

७ तारखेला मी मंचावरून खरं सांगणार. एकच विनंती, ११८ तोपर्यंत तसाच ठेव. लोक घरी जाऊन उघडतील, तेव्हा त्यांना ती गाळलेली पायरी दिसली पाहिजे. त्यातच मजा आहे. दोन दिवसांनी कर दुरुस्त.

ये मात्र. पहिल्या रांगेत जागा धरते.

माया कर, पण मोजू नकोस.

तुझी,
मिठू


दि. १० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मेळाव्यात तू समोरच होतीस, तरी तू बघितलं ते मी बघितलेलं नसणार, म्हणून लिहितो. मिठूनं चूक मामाची होती असं सांगितल्यावर सभागृह हसलं आणि तिनं मला उभं राहायला लावलं. टाळ्या थांबल्यावर बसायचं की चालू असताना, हे मला कळेना. दोनदा उठलो, दोनदा बसलो. घरी आल्यावर ही म्हणाली की मशीनची सुईही इतकी वरखाली करत नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या पानावर अकरा हजार चारशे बारा लोक आले. आकडा मी सात वेळा वाचला. ज्याच्यासाठी अकरा वर्षं जीव टाकला तो हाच आकडा. टायरवाल्याला बोलावून दाखवला. तो म्हणाला, यंत्र बिघडलंय.

पण मिठूची विनंती मी पाळली नाही, तिची माफी मागितलीय. माझा तो एक रोज दोन लेखांच्या हिशेबानं ८ तारखेलाच ११८वर पोचणार होता. मेळाव्याला निघायच्या आधी मी झाकणीची पायरी घातली आणि वर लिहिलं की इथे जवळजवळ नऊ वर्षं एक चूक होती, ती माझी. त्याचं मशीन उघडं पडलं असतं, ताई. अकरा हजार लोक आले, त्यांना सगळं बरोबर लिहिलेलं सापडलं. तीनशे जणांनी कळवलंय की मामांनी मजा घालवली. मिठूचा आधी पारा चढला. मग तिनं डबीतले स्क्रू बशीत काढून त्याच लेखावरून तुझं मशीन उघडलं, आणि बशी रिकामी झाली म्हणते. खडखड गेली का ते तू कळव.

त्या सगळ्या गर्दीत माझा तो एक दिसेनासा झाला. ८ तारखेला ११८ सगळ्यांनीच उघडला. त्यातला कुठला त्याचा, कसं ओळखू? काल ११९वर सतरा होते. आज १२१वर अकरा. त्यातले दहा नुसते चालत आलेले आणि एक माझा. किंवा तो गोंधळ बघून ११८वरूनच परत गेला, आणि हे अकराही परकेच.

दहा गळाले की कळेल, म्हणून वाट बघतोय. आणि गळू नयेत असंही वाटतंय. मिठूचा आकडा अजून आधी बघतो, हेही खरं. मला नेमकं काय हवंय ते विचारू नकोस, ही विचारते तेव्हा मी मशीनला तेल घालायला उठतो.

तू विचारलं होतंस, उपकार की फसवणूक. तुझ्या त्या अडतीस खुर्च्या नसत्या तर मी दुसऱ्याच वर्षी बंद केलं असतं, आणि या एकाला वाचायला चारपाचशे लेख कमी पडले असते. एवढंच सुचलं.

आता थांबतो. १२३ आणि १२४ तपासायचे आहेत, उद्या सकाळी कुणी आलंच तर.

लोभ असावा, आणि एकाचाच असला तरी मला दिसेल असा असावा.

तुझा,
छोट्या