पंचविसावी मुलगी

प्रिय निदिया,

आमच्या हायस्कूलची श्रेणी यंदा डी वरून बी झाली. फाटकावर फलक लागलाय. मुख्याध्यापक ट्रॅमेल यांनी सकाळी सगळ्या शिक्षकांना टाको खाऊ घातले आणि मला म्हणाले, "ओफेलिया, तुझ्या नव्याने इंग्रजी शिकणाऱ्या गटातल्या मुलांनी या वेळी आपल्याला खाली ओढलं नाही बघ."

कशी ओढतील? गटात पंचवीसपेक्षा कमी मुलं असली की राज्य शाळेची श्रेणी ठरवताना त्यांचा निकाल धरतच नाही. माझ्याकडे चोवीसच उरली होती. पंचविसावी तुझी येसेनिया.

सप्टेंबरात मीच तुझ्या मागे लागले होते, पोरीला घेऊन लारेडोला सासूकडे जा, तिकडची शाळा तिला मानवेल. तू म्हणालीस, "ताई, इथे तू आहेस की तिच्याजवळ." मी म्हटलं, "माझं ऐक." तू ऐकलंस. परवा येसेनियाचा फोन आला होता. "मावशी, इथे माझ्याशी कुणी बोलत नाही."

तिच्या भल्यासाठीच बोलले, असं मी वर्षभर धरून चालले होते. काल खण आवरताना गटाची यादी सापडली. येसेनियाच्या नावाभोवती पेन्सिलीने गोल, शेजारी २४. अक्षर माझं. तारीख आपण बोललो त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारची.

पण तो गोल काढल्याचं मला आठवत नाही गं. की आठवायचं नाहीये, तेही कळत नाही.

यादी फाडवत नाही. हे पत्रही खणात तिच्याच खाली ठेवते.

तुझी, तू जिचं ऐकलंस ती,
ओफेलिया